हलव्याचे दागिने घरी करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिसेंबर निम्मा सरला की घरात नवी सून किंवा लहान बाळ असलेल्यांचे संक्रांतीच्या हलव्याबद्दल, म्हणजे साखरेचं काटेरी कवच चढवलेल्या दाण्यांबद्दल, प्रश्न सुरू होतात. हलवा किती आणू, सुईनं ओवला जातो का, बाळाला घातला तर चालेल का, मुंग्यांचं काय करू. दरवर्षी तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. माझं मत आधीच सांगते: दागिने मोजके करा, आणि जमेल तिथे चिकटवण्याऐवजी दोऱ्यानं बांधा. बांधलेला दागिना अंगावर वळतो, नीट बसतो आणि त्यातला हलवा खाण्याजोगा राहतो. चिकटवलेला पुठ्ठ्यासारखा ताठ उभा राहतो.

हे दागिने नक्की कोणासाठी आणि कधी करतात?

लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला सासरची मंडळी नव्या सुनेला काळी साडी नेसवून, हलव्याचे दागिने घालून हळदीकुंकू करतात. जावयालाही हलव्याचा हार आणि नारळ देतात. दुसरा प्रसंग बाळाच्या बोरन्हाणाचा. बाळाची पहिली संक्रांत चुकली तर पाच वर्षांचं होईपर्यंत कधीही केलं तरी चालतं, असं बहुतेक घरांत मानतात.

संक्रांत १४ किंवा १५ जानेवारीला येते, पण समारंभ त्याच दिवशी व्हायला हवा असं नाही. रथसप्तमीपर्यंत, म्हणजे माघ शुद्ध सप्तमीपर्यंत, कुठलाही सोयीचा दिवस धरता येतो. नोकरी करणाऱ्या घरांना मधला शनिवार-रविवार बरा पडतो. दागिने करायलाही त्यामुळे चार दिवस जास्त मिळतात.

काळ्याच कपड्यांवर का घालायचे?

एरवी सणाला वर्ज्य असलेला काळा रंग संक्रांतीला आवर्जून नेसतात. ऐन थंडीत काळं कापड ऊब धरून ठेवतं, हे त्याचं नेहमी दिलं जाणारं कारण. दागिने करणाऱ्याच्या दृष्टीनं कारण आणखी सोपं आहे: पांढराशुभ्र काटेरी हलवा काळ्यावर जसा उठून दिसतो तसा दुसऱ्या कशावर दिसत नाही. साडीला सोनेरी काठ असेल तर दागिन्यांत सोनेरी लेस कमी वापरा, नाहीतर हलवा बाजूला राहतो आणि नजर लेशीवर जाते.

सुनेसाठी काय काय करावं? बाजारातल्या पेटीत वीस-बावीस वस्तू असतात.

सगळ्या करायची गरज नाही. गळ्यातला हार, मंगळसूत्र, कानातली, बांगड्या आणि केसांत माळायची वेणी एवढं नीट झालं की सूनबाई सजलेली दिसते. वेळ उरला तर बाजूबंद, बिंदी आणि नथ. कंबरपट्टा दिसतो छान, पण बसता-उठताना सगळ्यात आधी तोच तुटतो. हळदीकुंकवाला ती मुलगी दोन-तीन तास उठबस करणार, वाकून नमस्कार करणार, हे डोक्यात ठेवून यादी करा. छल्ला, पर्स, मोबाइल असल्या वस्तू मी तरी करत नाही. त्यात वेळ जातो आणि फोटोत त्या दिसतही नाहीत.

हलवा कोणता आणि किती आणायचा?

हलवा ओळखायचा तो आतल्या दाण्यावरून. खसखशीचा अगदी बारीक, तो नथ आणि मंगळसूत्राच्या वाट्यांसाठी. तिळाचा आणि साबुदाण्याचा मध्यम, हार-बांगड्यांचं मुख्य काम त्यावर चालतं. बडीशेपेचा आणि भोपळ्याच्या बियांचा लांबट, तो बांधायला सोपा. लवंगेचा किंवा बदामाच्या कापांचा मोठा, तो लोलकासाठी.

साधारण पाच मिलिमीटरचा दाणा धरला तर एका इंचात पाच दाणे बसतात. चोवीस इंची हाराच्या एका पदराला गाठींची जागा सोडून शंभरेक दाणे लागतात, आणि त्यांचं वजन जेमतेम दहा-बारा ग्रॅम भरतं. म्हणजे तीन पदरी हार, बांगड्या, कानातली, वेणी असं सगळं धरूनही पाव किलो हलवा पुरतो. मात्र निवडायला बसलात की बराच बाजूला जातो. काटे झडलेले, पिवळट, दोन-दोन चिकटलेले दाणे आधीच काढा आणि उरलेले आकारानुसार तीन वाट्यांत वेगळे करा. या निवडण्यावरच दागिन्याची सफाई ठरते, तिथे घाई करू नका. रंगीत हलवा थोडाच, लोलकांपुरता घ्या.

हलवा घरीच केला तर?

अवश्य करा, पण आठवडाभर आधी सुरुवात करा आणि पहिल्यांदा थोडाच करा. थंडी आणि कोरडी हवा असली की काटा चांगला येतो. ढगाळ, दमट दिवशी साखर लवकर सुकत नाही.

पाव वाटी तीळ हलके भाजून घ्या. साबुदाणा घेणार असाल तर भाजू नका, तो फुलतो. दोन वाट्या साखर भिजेल इतकं पाणी घालून उकळा, चमचाभर दूध घाला, वर येणारी मळी काढून टाका आणि पाक गाळून घ्या. पाक कच्च्या एकतारीपर्यंतच हवा, बोटांत धरला तर तार सुटेल न सुटेल असा. जाड बुडाची पितळी परात किंवा कढई अगदी मंद आचेवर ठेवा. बोटं टेकवता येतील इतकीच ती गरम हवी.

तीळ परातीत घेऊन त्यावर पाकाचा अर्धा चमचा टाका आणि बोटांच्या टोकांनी गोल-गोल फिरवत राहा. आधी सगळं ओलसर, चिकट होतं. थोड्या वेळात पाणी उडतं, साखर दाण्यांवर पांढरी धरते आणि दाणे सुटे होऊन परातीत खळखळ वाजायला लागतात. तो आवाज आला की पुढचा अर्धा चमचा. पाक एकदम जास्त घातला तर गोळा होतो. पाक दाट झाला तर साखर दाण्यावर न बसता तिचा भुगा पडतो. अशा वेळी पाकात थोडं पाणी घालून पुन्हा उकळी आणा आणि भुगा चाळून बाजूला काढा. आच वाढली तर रंग पिवळा पडतो आणि आलेले काटेही मोडतात.

एका बैठकीत तासभर करा, मग कापडावर पसरून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा. पहिल्या दिवशी दाणे नुसते पांढरे दिसतात. काटा तिसऱ्या-चौथ्या दिवशी दिसायला लागतो, तेव्हा धीर सोडू नका. सगळ्या दागिन्यांपुरता हलवा घरी नाही झाला, तरी हाराच्या लोलकापुरता घरचा असू द्या. सुनेला तो कोणी केला हे सांगताना सासूबाईंचा चेहरा बघण्यासारखा असतो.

बाकी सामान काय लागतं?

पांढरा आणि काळा शिवणाचा मजबूत दोरा, काळी सॅटिनची रिबन, काळं सुती कापड, पातळ पुठ्ठा, पांढऱ्या नेटचं कापड, काळे मणी, थोडे मोती, पातळ सोनेरी तार, कात्री. पुण्यात तुळशीबाग किंवा बोहरी आळी, मुंबईत दादर किंवा भुलेश्वर इथे एका फेरीत सगळं मिळतं. लहान गावात शिवणकामाच्या दुकानातलं सामान आणि घरातली जुनी लेस, जुन्या बांगड्या एवढ्यावर भागतं.

सुईनं ओवायला गेले तर दाणा फुटतो. मग गुंफायचा कसा?

हलवा ओवत नाहीत, बांधतात. साखर कडक असते, सुई घातली की तडकते. शिवाय काट्यांचा उपयोग इथेच होतो: दोरा त्या काट्यांत अडकतो आणि सरकत नाही. गुळगुळीत गोळ्या अशा बांधता येत नाहीत.

हाराच्या लांबीच्या चौपट दोरा घ्या, दुहेरी करा आणि दुमडलेलं टोक खुर्चीच्या हाताला किंवा दाराच्या कडीला अडकवा. आता दोन पदर तुमच्या हातात आहेत. त्या दोन पदरांच्या मधे एक दाणा ठेवा, पदर दाण्याच्या अंगासरशी ओढून धरा आणि दाण्याच्या लगेच खाली गाठ मारा. पुन्हा दाणा, पुन्हा गाठ. गोल दाणा निसटत असेल तर एका पदराचा वेढा दाण्याभोवती देऊन मग गाठ मारा. सुरुवात बडीशेपेच्या लांबट हलव्यानं करा, तो पटकन धरला जातो आणि हात बसतो. गाठ आवळताना दोरा बाजूंना ओढा. वर उचललात तर दाणा उडून जातो.

दर दहा दाण्यांनंतर एक मोती किंवा काळा मणी ओवला की हार रेखीव दिसतो आणि मोजणीही सोपी जाते. हात घामेजले तर मधूनमधून कोरड्या फडक्याला पुसा, ओल्या बोटांनी काटे विरघळतात. मानेमागे येणारा चार-पाच इंचांचा भाग हलव्याचा करूच नका. तिथे रिबन लावा. घामानं साखर चिकट होते आणि केस अडकतात.

नवख्या हाताला एक पदर म्हणजे एक संध्याकाळ धरा. घरात आत्या, मावशी, नणंद अशा तिघी-चौघी बसल्या, एकीनं निवडलं, दुसरीनं बांधलं, तर दोन संध्याकाळी सगळं उरकतं.

कानातली आणि बांगड्या कशा कराव्यात?

कुडीसाठी एक गंमत लक्षात ठेवा: एका दाण्याभोवती त्याच मापाचे बरोब्बर सहा दाणे बसतात. म्हणजे सात दाण्यांची लहान कुडी. त्याभोवती आणखी बारा लावले की एकोणीस दाण्यांचं मोठं कर्णफूल. दाणे आधी वाटीत नीट जुळवून मगच लावायला घ्या. मागे काळं कापड लावलेली पुठ्ठ्याची चकती, तिला जुन्या कानातल्याची फिरकी किंवा दाबाची क्लिप. कानातलं वजनानं ओघळत असेल तर कानावरून जाणारा दोऱ्याचा वेल करा आणि तो केसांत पिनेनं अडकवा.

बांगड्यांसाठी जुन्या प्लॅस्टिकच्या बांगडीवर काळी रिबन गुंडाळा आणि तिच्यावर हलव्याची बांधलेली सर वेढत न्या. नेहमीच्या मापापेक्षा एक माप मोठी बांगडी घ्या, २.४ घालणारीला २.६. हातावरून चढवताना काटे ओरखडत नाहीत.

चिकटवायचंच असेल तर कशानं?

फेविकॉल चालतो, पण अगदी पातळ. त्यात पाणी असतं, जाड थर दिला तर दाण्याचा तळ विरघळून बसतो. ग्लूगननं काम झटपट होतं, पण डिंक साखरेच्या वरच्या पापुद्र्यालाच धरतो आणि धक्का लागला की दाणा पापुद्रा सोडून निघतो. यापैकी काहीही लावलेला हलवा खायचा नाही, मुलांना तसं आधीच बजावा. खाण्याजोगं ठेवायचं असेल तर पिठीसाखरेत लिंबाच्या रसाचे थेंब घालून घट्ट लेप करा आणि त्यानं चिकटवा. तो वाळायला रात्रभर लागते, आणि वळणाऱ्या वस्तूंना उपयोगी नाही; मुकुट, चकत्या, वाट्या यांना उत्तम.

बोरन्हाणाला बाळाला हे दागिने घालणं सुरक्षित आहे का?

काळजी घेतली तर हो. हा प्रश्न मी सगळ्यात गांभीर्यानं घेते, कारण हलव्याचा दाणा, काळा मणी, मोती हे सगळं बाळाच्या घशात अडकेल अशाच मापाचं असतं. बाळ दागिना तोंडात घालणारच, हे गृहीत धरूनच करायला घ्या.

बाळासाठी सुटा बांधलेला हलवा वापरू नका. नेटच्या कापडाची बोटभर रुंदीची नळी शिवा, तिच्यात हलवा भरत जा आणि दर दाण्यानंतर दोऱ्यानं आवळा. दाणा सुटला तरी नळीतच राहतो. याच नळीचे बाजूबंद, मनगट्या, कंबरपट्टा, वाळे सगळं होतं. मणी आणि मोती पूर्ण टाळा. गळ्यात दोऱ्याचा हार घालण्यापेक्षा हार काळ्या झबल्यावरच टाक्यांनी शिवून टाका. दिसतो तसाच आणि गळ्याला ताण नाही. मुकुटाच्या आत मऊ सुती अस्तर लावा आणि मागे रुंद इलॅस्टिक. वर्षाच्या बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ४५-४६ सेंटीमीटर असतो, पण आपल्या बाळाचा मोजूनच घ्या. बासरी आणि मोरपीस फोटोपुरतं हातात, नंतर लगेच बाजूला.

औक्षण आणि फोटो झाले की दागिने उतरवा आणि मगच डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे तुकडे ओता. लुटायला येणारी मुलंही लहानच असतात. शेंगदाणे, हरभरे, कडक गोळ्या चार-पाच वर्षांखालच्या मुलांच्या हाती लागू नयेत म्हणून मी ओतण्यात चुरमुरे जास्त ठेवते आणि बाकी खाऊ पुडीत बांधून आयांकडे देते. बोरंही मोजकी आणि बाळाला लागणार नाहीत अशी हळूच सोडायची. बाळ रडायला लागलं तर समारंभ तिथेच आवरा. फोटो पुरेसे झालेले असतात.

जावयासाठी काय करावं?

लांब एक पदरी हार आणि हलव्यानं मढवलेला नारळ. नारळ सोलून, घासून गुळगुळीत करा, त्यावर काळं कापड ताणून बसवा आणि हलव्याच्या सरी उभ्या फिरवा. हाराला खाली एकच मोठा लोलक. बस झालं.

करून ठेवले तर किती दिवस टिकतात? मुंग्या आणि दमट हवेचं काय?

कोरड्या हवेत घट्ट झाकणाच्या डब्यात महिनाभर सहज राहतात. मुंबई-कोकणातल्या हवेत मात्र आठ दिवसांपेक्षा आधी करून ठेवू नका. फ्रिजमध्ये ठेवू नका; बाहेर काढल्यावर दव धरतं आणि काटे बसतात. डब्यात खाली बटर पेपर, वर कापूस आणि प्रत्येक दागिना वेगळा. डबा पाण्याच्या ताटलीत उलट्या वाटीवर ठेवला की मुंग्या येत नाहीत.

समारंभाच्या दिवशी अत्तर, स्प्रे, पावडर सगळं आधी, दागिने शेवटी. तुटलं तर बांधायला दोरा, कात्री आणि मूठभर हलवा जवळ असू द्या.

आम्ही परदेशात राहतो, हलवा मिळत नाही.

भारतीय दुकानात साखरेचं कवच असलेली पांढरी बडीशेप मिळते, ती लांबट असल्यामुळे बांधता येते, फक्त गुळगुळीत असल्यामुळे दर दाण्याला दोऱ्याचा वेढा द्यावा लागतो. केकवर घालायचे साखरेचे पांढरे मोती नेटच्या नळीत छान बसतात. थंड, कोरड्या हवेच्या गावात असाल तर हलवा घरी करून बघाच. तिकडच्या जानेवारीत काटा सुरेख यायला हवा. भारतातून तयार दागिने मागवायचे तर बांधलेलेच मागवा आणि कडक डब्यात, कापूस घालून. खाद्यपदार्थ पाठवण्याचे त्या देशाचे नियम आधी बघून घ्या.

ओळखीतून ऑर्डर येतात. किंमत कशी लावू?

सामानाचा खर्च थोडा असतो, खरी किंमत हाताच्या वेळेची. एक सर बांधायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघा, त्या वेळेचा मोबदला ठरवा आणि त्यावर सामान धरा. ओळखीच्यांना सवलत द्यायची असेल तर वस्तू कमी करा, मजुरी कमी करू नका. घरचा हलवा खाण्यासाठी म्हणून विकणार असाल तर एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी लागते. डिसेंबरअखेर ऑर्डर घेणं थांबवा.

हळदीकुंकवाला वाण म्हणूनही हातानं केलेलं काही द्यायचं आहे.

उरलेल्या हलव्याच्या पुड्या करा. खणाच्या ब्लाउजपीसमधून तळहाताएवढे बटवे शिवा. एका मीटरच्या कापडात वीस-पंचवीस सहज निघतात. आत बटर पेपरच्या पुडीत हलवा आणि एक तिळाची वडी, तोंडाला काळी दोरी. बटवा नंतर सुट्या पैशांना, कानातल्यांना उपयोगी पडतो. प्लॅस्टिकच्या डब्यांपेक्षा बायका हे आवडीनं नेतात.

समारंभानंतर दागिन्यांचं काय करायचं?

अंगावरचे घाम लागलेले खाऊ नका. बांधलेल्या हारातला वरचा, कपड्यावर राहिलेला भाग आणि नारळावरच्या सरी सोडवून हलवा वाटता येतो. पुष्कळ घरांत तो तसा वाटतातही. चिकटवलेले टाकून द्या, रिबन आणि बांगड्या धुऊन ठेवा. आठवण म्हणून ठेवायचं असेल तर एक कुडी काचेच्या लहान बाटलीत, घट्ट बूच लावून ठेवा. सबंध पेटी कपाटात ठेवाल तर पावसाळ्यात साखरेला पाणी सुटतं आणि डाग साड्यांवर जातात.